शेवटच्या वाफ्याचा मालक

धरणाचं दार बंद झालं आणि खालच्या राज्यात एकच हाहाकार उडाला! धरण वरच्या रणधवल राजाचं, पिकं खालच्यांची. दरवर्षी करार व्हायचे आणि दरवर्षी मोडायचे.

लोक गाऱ्हाणं घेऊन गेले, तर राजाच कडाडला. "दारावर माझा माणूस ठेवला की तुम्ही बोंबलता, तुमचा ठेवला की तो सगळं धरण रिकामं करतो! असा पहारेकरी आणा, जो माझा असेल आणि तरी आपणहून तुम्हाला पाणी सोडेल! आठ दिवस देतो. नाहीतर दार कायमचं बंद!"

मंडळी तोंडं पाडून परतली. गावोगाव पाटाचं पाणी वाटणाऱ्या हैबती पाटकऱ्यानं तर अंथरूणच धरलं. त्याची लेक ठकू मात्र मळ्यात उरलीसुरली वांगी तोडत होती.

"बाबा, उठा! पहारेकरी सापडला!"

"कुठं गं?"

"आधी टोपली तर धरा!"

राजाला भरिताचं भारी वेड, पण त्याच्या मुरमाड रानात वांगं म्हणून धरायचं नाही. आठव्या दिवशी ठकूनं त्याच्याच मुदपाकखान्यात वांगी भाजली आणि भरीत भर दरबारात त्याच्यापुढं ठेवलं. राजा बोटं चाटू लागला.

"वा! आणखी आण!"

"संपलं, महाराज. झाडं वाळायला लागलीत."

"मग पाणी घाला की!"

"तुम्हीच घाला. मळा आता तुमचाच आहे!"

"माझा?"

"आमची रीतच आहे. पाटाचं दार ज्याच्या हाती, त्याचं शेत पाटाच्या अगदी टोकाला. पाटाचं पाणी बाबा वाटायचे, म्हणून इतके दिवस तिथं आम्ही होतो. आता दार तुमच्या हाती, म्हणून बाबांनी मळा तुम्हाला दिला." एवढा एकच मळा होता त्यांचा.

राजा मिशीत हसला. "झकास! मग माझ्या मळ्यापुरतंच पाणी सोडतो!"

"सोडा की! पण वाटेत चाळीस गावांची तहानलेली जमीन आहे. तिचं पोट भरल्याशिवाय टोकाला थेंब पोचायचा नाही."

राजाचा शेवटचा घास हातातच राहिला. मग त्याला आठवलं. "ते असू दे! माझा पहारेकरी कुठाय?"

"हा काय, भरीत खातोय!"

सगळा दरबार राजाकडं बघू लागला. आणि राजा असा खदखदून हसला की त्याला ठसकाच लागला! डोळे पुसत त्यानं हातातलं सोन्याचं कडं ठकूच्या हाती ठेवलं आणि ओरडला, "अरे, बघत काय बसलात? दार उघडा! माझी वांगी वाळतायत!"