कुळथाचे ताट

फार पूर्वी वेत्रवती नगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. तक्षशिलेत विद्या शिकून तो परतला आणि लवकरच राजवैद्य झाला.

राजाला एकच मुलगा होता, कुमार विमलक. तो एकदा गोशाळेत गेला असता त्याला एक गाय दिसली. तिचे वासरू मेले होते. गवळ्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे केले होते. गाय ते चाटत होती आणि पान्हा सोडत होती. त्या दिवसापासून कुमाराने मांस सोडले, आणि दूध, दही, तूपही सोडले.

हळूहळू तो वाळला. एके सकाळी जिना चढताना चक्कर येऊन पडला. राजा घाबरला, कारण नांगरणीचा उत्सव दोन-अडीच महिन्यांवर आला होता. त्या नगरीची रीत अशी की त्या दिवशी युवराजाने पहिले तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, स्वतः नांगरायचे. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगराची मूठ सोडायची नाही. सुटली तर युवराजपद गेले.

राजाने बोधिसत्त्वाला बोलावले. "वैद्या, त्याला मांस खायला लाव. औषध म्हणून दे, काहीही सांगून दे."

"महाराज, आधी त्याचे ताट बघू द्या."

ताटात तीनदा सडून कोंडा काढलेल्या तांदळाचा पांढरा भात होता, केळी होती, आंबे होते. बोधिसत्त्वाने मुख्य आचारी पिंगल याला विचारले, "ताटातून मांस आणि दूध काढले. त्यांच्या जागी काय ठेवले?"

"काही नाही. कुमारांनी सोडले, आम्ही काढले."

"कुळीथ? उडीद? तीळ? शेवग्याचा पाला?"

पिंगल हसला. "कुळीथ घोडे खातात, वैद्यराज. कुमारांना आता अश्वशाळेत बांधायचे का?"

"घोड्याकडे बघा आणि कुमाराकडे बघा," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि मग सांगा, ताट कोणाचे चुकले."

त्याने राजाला सांगितले, "महाराज, प्राण्याला न दुखवता हा देह पोसता येईल असे मला वाटते. पण नुसते सोडून भागत नाही. सोडलेल्याची भरपाई करावी लागते, आणि शरीराकडे रोज लक्ष ठेवावे लागते."

"तास पुरे झाले नाही तर तुझी मान जाईल," राजा म्हणाला.

"मान्य आहे."

मग कुमाराच्या ताटात हातसडीचा भात आला. मोड आलेले कुळीथ आणि मूग आले, उडदाचे वरण, तिळाची चटणी, नाचणीची भाकरी आणि पालेभाजीबरोबर आवळा आला. कुमार तोंड वाकडे न करता खाऊ लागला. त्याच्या गालांवर रंग चढला. दरबारात वैद्याची स्तुती सुरू झाली. राजाने त्याच्यासाठी सोन्याचे कडे घडवायला टाकले.

बोधिसत्त्वाला मात्र चैन पडेना. देह इतक्या लवकर भरत नाही, हे त्याला ठाऊक होते. एके दुपारी तो न सांगता पाकशाळेत गेला. कुमाराच्या वरणावर चरबीचे बारीक ठिपके तरंगत होते. चुलीमागच्या भांड्यात बोकडाची हाडे शिजत होती.

पिंगलने झाकण ठेवले. "त्याला मी या हातांनी पहिला घास भरवला आहे. तो माझ्यादेखत झिजत होता, मी काय बघत बसू?"

"त्याला माहीत आहे?"

"नाही. आणि कळायलाही नको. त्याची गादी वाचली, तुमची मान वाचली, माझाही जीव थाऱ्यावर आला. तुम्हाला काय कमी पडते आहे, वैद्यराज? गप्प बसा."

बोधिसत्त्वाला गप्प बसणे सोपे होते. पण आपले नाव ऐकून उद्या कोणी आई आपल्या मुलाला असेच ताट वाढील आणि त्या वरणात हाडांचा रस नसेल, हे त्याच्या मनात आले. तो तसाच राजाकडे गेला. कुमार तिथेच बसला होता.

"महाराज, कुमाराला आलेले बळ माझ्या पथ्याचे आहे असे मी म्हणू शकत नाही. वरणात हाडांचा रस पडत होता."

कुमाराचा चेहरा उतरला. राजा उठून उभा राहिला. "म्हणजे तुझे पथ्य खोटे?"

"खोटे की खरे, हे अजून कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. आचाऱ्याला शिक्षा करू नका, महाराज. त्याने मायेपोटी केले. उत्सवाला अजून दीड महिना आहे. आता खरे ताट वाढू द्या. मीही तेच खाईन."

"आणि तो पडला तर?"

"शब्द दिला आहे."

राजा मुलाकडे वळला. कुमार म्हणाला, "मला फसवून मिळालेले बळ नको, तात. पिंगलकाका, उद्यापासून माझ्यासमोर शिजवा."

पाकशाळेच्या दारात पहारा बसला. पहिल्या पंधरवड्यात कुमार पुन्हा थोडा उतरला. राजाने वैद्याशी बोलणे सोडले. बोधिसत्त्व रोज कुमाराची नाडी, नखे, डोळे बघे. कुळीथ वाढवी, तीळ वाढवी, त्याला सकाळच्या उन्हात चालवी. पिंगल डाळ घोटत राही. पुढे उतरणे थांबले. मग हळूहळू दंड भरू लागले.

उत्सवाच्या दिवशी सारी नगरी बांधावर उभी होती. बोधिसत्त्व दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये होता. कुमाराने मूठ धरली. अर्धे तास सरळ गेले. पुढे चिकणमाती लागली आणि बैल थांबले. कोणीतरी बैलांना टोचायची पराणी पुढे केली. कुमाराने नको म्हणून मान हलवली. पिंगलने डोळे मिटले. पहारेकऱ्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

कुमार वाकला. मूठ न सोडता त्याने छाती नांगराला लावली आणि रेटले. फाळ हलला. बैलांनी पाऊल टाकले, मग दुसरे टाकले. तासाच्या शेवटच्या टोकाला कुमार घामाने भिजून उभा होता. मूठ अजून हातातच होती.

राजाने पहारा काढला आणि विचारले, "म्हणजे हे ताट सर्वांना पुरते?"

"मी एकाच देहाकडे पाहिले आहे, महाराज. ज्याच्या ताटाकडे आणि तब्येतीकडे कोणी लक्ष देते, त्याला पुरावे असे वाटते. लक्ष न देता कोणतेच ताट पुरत नाही."

राजाने सोन्याचे कडे पुढे केले. बोधिसत्त्वाने ते घेतले नाही. त्याने मागितले ते एवढेच, की गोशाळेतल्या वासरांना धार काढण्याआधी पोटभर पिऊ द्यावे. राजाने तशी आज्ञा दिली.

ही कथा सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे शुद्धोदन, कुमार विमलक म्हणजे राहुल, मायेने चुकलेला पिंगल म्हणजे आनंद, आणि वैद्य भद्रक मीच होतो. आपलेच मत खरे ठरल्यासारखे दिसत असताना, ते अजून खरे ठरलेले नाही असे सांगणे, हीच त्या जन्मातली माझी सत्य-पारमिता, सत्याची परिपूर्ण साधना."