सिदू गुरवाचा खोळंबा

कवठोलीच्या टेकाईचं देऊळ गावाच्या डोक्यावर, टेकडीच्या खांद्याशी आहे. देवळापासून खालच्या तळ्यापर्यंत एकाहत्तर पायऱ्या. चढताना त्यांचं विशेष काही वाटत नाही. उतरताना मात्र पंचेचाळिसाव्या पायरीशी वळण येतं, दगड अरुंद होतो आणि पाय आपसूक थबकतो. गावात तिला खोळंब्याची पायरी म्हणतात. पाहुणे खाली उतरले की तळ्याच्या कट्ट्यावर बसलेले रंगूनाना परीट त्यांना हटकतात, "थांबलात का वळणावर?"

"थांबलो."

"बरं केलंत. घाई केली असती तर म्हादूच्या शेजारी खाट टाकावी लागली असती."

मग म्हादू कोण, हे विचारावंच लागतं. नाना तेवढ्याचीच वाट बघत असतात.

सात पिढ्यांपूर्वीची गोष्ट, असं सांगतात. चैत्री पौर्णिमेला टेकाईची पालखी पायऱ्या उतरून तळ्यावर स्नानाला येई. पायऱ्यांवर ताशा नाही, संबळ नाही. एकटी सनई वाजे आणि चार खांदेकरी तिच्या चालीवर पाऊल टाकत. त्यालाही कारण होतं. खांद्यावर दांडी आली की पुढच्याला पायरी दिसते, मागच्याला दिसत नाही. चौघांचं पाऊल एकदम पडायचं तर कानावरच भिस्त. हा वाजवण्याचा मान गुरवाच्या घराकडे होता. महिपती गुरवाची छाती म्हणजे लोहाराचा भाता. वरच्या पायरीला धरलेला सूर तळ्याच्या पाण्याला टेकेपर्यंत तुटत नसे, म्हणे.

महिपती गेला आणि सनई त्याच्या मुलाकडे, सिदूकडे आली. बापाची चाल त्याला तोंडपाठ होती. छाती मात्र बापाबरोबर गेली. सिदू लहानपणी डांग्या खोकल्यातून कसाबसा उठलेला, किडकिडीत गडी. पहिल्याच वर्षी पंचेचाळिसाव्या पायरीवर त्याचा दम संपला आणि सूर मध्येच तुटला. पुढचे दोघे थांबले, मागचे दोघे चालत राहिले. पालखी कलली. पुढच्या अंगाला म्हादू होता, सिदूच्या बायकोचा, हौसाचा, पाठचा भाऊ. त्यानं सगळा भार अंगावर घेतला, देवीचा मुखवटा हलू दिला नाही. पण त्याचा पाय पायरीच्या कडेला अडकून घोट्याशी मोडला.

गावकी बसली. पाटील म्हणाले, "सिदू, आणखी एक साल बघतो. पुढल्या चैत्राला पालखी नीट उतरली तर मान तुझ्या घरात. न्हाईतर शेजारच्या गावचा वाजिवणारा आणावा लागंल."

याचं सिदूला एवढं लागलं नाही. लागलं ते म्हादूचं बोलणं. तो खाटेवरून हसून म्हणाला, "दाजी, पुढल्या साली बी मीच पुढं लागणार. तेवढं मला पाण्यापातूर न्या, म्हंजे झालं."

मोडका पाय पुन्हा त्याच पायरीवर येणार होता, आणि तो आपल्या श्वासाच्या भरवशावर. सिदूची झोप उडाली. आपल्या दमाला झेपेल अशी नवी चाल बांधायची, असं त्यानं ठरवलं. पण घरात चाल जुळत आली की वासरू हंबरायचं, पोरं भांडायची, नाहीतर हौसा हाक मारायची, "अवो, जरा हिकडं या." दिवाळी गेली, संक्रांत गेली, हाती काही लागलं नाही. शेवटी सिदूनं देवीसमोर नवस केला, की चाल सापडेपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलणार नाही. आणि सनई घेऊन तो देवळामागच्या कपारीत जाऊन बसला.

हौसा भाकरी घेऊन आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. "मुक्यानं बसून चाल सुचती, तर आपल्या म्हशीला कवाच सुचाय पायजे हुती," असं म्हणून भाकरी ठेवून निघून गेली.

कपारीत वाऱ्याचाही आवाज येत नसे. आणि त्या शांततेत सिदूला एकच गोष्ट ऐकू येई, बापाची चाल. सनई ओठाला लावली की तीच यायची, आणि त्याच ठिकाणी, त्याच सुरावर दम तुटायचा. अठरा दिवस असे गेले.

कपारीत पाणी नव्हतं, आणि सनईची पत्ती भिजल्याशिवाय बोलत नाही. म्हणून सिदूला दिवसातून दोनदा तळ्यावर यावं लागे. तिथं सोनाबाई परटीण वाकळा, म्हणजे जाड गोधड्या, धूत असायची. ओली वाकळ माणसापेक्षा जड. एकट्या बाईला पिळता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो. पहिल्याच दिवशी ती वर न बघताच म्हणाली, "गुरवा, रिकामाच हाईस न्हवं? धर हे टोक."

नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. सिदूनं टोक धरलं.

हां हां म्हणता गावभर झालं, की गुरव मुका झालाय, त्याला नाही म्हणता येत नाही. मग काय! कुणी घागर डोक्यावर चढवून घेई, कुणी म्हशीचं दावं त्याच्या हातात देऊन खुशाल गप्पा मारत बसे, एक म्हातारा तर रोज पायातला काटा काढायला त्याच्यापुढं पाय पसरी. मनात बापाची चाल चालू असायची, दोन सूर पुढं जायची की हाक, पुन्हा दोन सूर की हाक. सिदू मनातल्या मनात गावाला शिव्या देत कपारीकडे परते.

फाल्गुनातल्या एका सकाळी सोनाबाईकडे बाळंतिणीच्या घरची मोठी वाकळ आली. ती पिळून झाल्यावर बांधाच्या पाच-सहा पायऱ्या उतरून खालच्या खडकावर वाळत घालायची होती. वाकळ बांबूवर टाकली. "तू पुढं हो, म्या मागं," सोनाबाई म्हणाली. मागून तिला पायरी दिसत नव्हती. सिदूनं पहिली पायरी उतरून दुसरीवर पाय टाकला तशी ती ओरडली, "अरं थांब! पाय टेकू दे माझा." तो थांबला. "हं, चल." पुन्हा पायरी. "थांब." मग "हं."

सवयीप्रमाणे सिदूच्या डोक्यात चाल वाजत होती. थांब म्हटलं की थांबायची, हं म्हटलं की निघायची. तिसऱ्या पायरीवर त्याच्या ध्यानात आलं, की चाल तुटत नाहीये, वाट बघतेय. चौथ्या पायरीवर ध्यानात आलं, की तेवढ्या वेळात आपली छाती भरते. आणि पाचव्या पायरीवर त्याला मागच्या माणसाचा पाय ऐकू आला. दम तुटायच्या ज्या जागेची त्यानं वर्षभर लाज बाळगली, ती जागा मागच्याचा पाय टेकायची होती.

बांबू खांद्यावर घेऊन तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात हौसा भाकरीची टोपली घेऊन बांधावर आली.

"बघा गं बायांनो! घरात वैरण टाका म्हटलं तर ह्यांचा हात दुखतो, आन् हितं बाळंतिणीच्या वाकळा वाहत्यात! देवी पावली म्हणायची!"

तळ्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. सिदूलाही हसू फुटलं, आणि हसता हसता तो मोठ्यानं बोलून गेला, "सोनामावशे, म्हण की पुन्यांदा. थांब म्हण!"

मग त्यानं जीभ चावली. "नवस मोडला," तो पुटपुटला.

सोनाबाईनं विचारलं, "चाल गावल्याबिगर बोलणार न्हवतास न्हवं?"

"व्हय."

"मग गावली का?"

सिदूनं जरा विचार केला. "गावली."

"मग कुठं मोडला? चल पुढं, पाणी गळतंय माझ्या अंगावर."

चैत्री पौर्णिमेला पालखी उठली. म्हादू पुढच्या अंगाला होता; पाय जुळला होता, पण किंचित वाकडा. सिदूनं दोन पायऱ्यांपुरती चाल वाजवली आणि थांबला. खांदेकऱ्यांना त्यानं समजावून ठेवलं होतं, गावाला माहीत नव्हतं. लोकांना वाटलं, गेला ह्याचा दम. पाटलांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात चार पावलं दगडावर टेकली, म्हादू "हं" म्हणाला आणि सनई पुन्हा निघाली. असं थांबत, निघत पालखी वळणावर आली. तिथं सिदू जास्त थांबला. म्हादूच्या वाकड्या पायानं दगड चाचपला, टाच टेकवली. मागच्या दोघांची टेकली. सगळी टेकडी श्वास धरून उभी होती.

"हं," म्हादू म्हणाला.

पालखी पाण्याला लागायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आजवर आई समोरनं निघून जायची. आज माझ्यापाशी थांबली गं."

म्हादूनं दांडी खाली ठेवली, आपल्या पायाकडे बघितलं, मग सिदूकडे. "आलं की पाणी, दाजी," एवढंच म्हणाला. सिदूनं मानाचा नारळ घेतला तो थेट सोनाबाईच्या हातात ठेवला आणि तिच्या पाया पडला. मग देवीकडे वळून म्हणाला, "आई, निवांतपणा मागितला, त्यो दिला न्हाईस. लई बरं केलंस."

आणि त्यानं दुसरा नवस केला. तो गुरवाच्या घरानं मोडलेला नाही.

आजही चैत्री पौर्णिमेला वाजवणारा सकाळीच तळ्यावर येतो, पत्ती भिजवतो, दोन-चार सूर काढतो आणि कुणीतरी हाक मारायची वाट बघतो. हाक आली की सनई ठेवून उठायचं, सांगितलेलं काम पुरं करायचं, मगच पायऱ्या चढायच्या. हाकेशिवाय पालखी उठत नाही. आता घरोघरी नळ आलेत, तळ्यावर धुणं घेऊन फारसं कोणी येत नाही. नाना सांगतात, एका वर्षी गावात चार लग्नं होती आणि जो तो मांडवात. वर पालखी सजलेली, खांदेकरी उभे, आणि खाली सिदूच्याच घराण्यातला दिगू गुरव सनई मांडीवर घेऊन बसून राहिलेला. ऊन चढलं तरी हाक नाही. शेवटी देवदर्शनाला आलेली एक परगावची बाई, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, चपलेचा पट्टा लावायला वाकली आणि म्हणाली, "अहो, जरा ही पिशवी धरता का?"

दिगूनं आधी तिला हात जोडले, मग पिशवी धरली.