पुरलेलं जिवंत पुस्तक

ऐका हं. हुंकार द्या, पण हळू. दीना, पाय पांघरुणात घे आधी.

फार मागची गोष्ट. कोकणात खाडीकाठी हसाजी तेली राहायचा. आपल्यासारखाच इस्रायली, म्हणजे यहुदी. शनिवारी त्याचा घाणा बंद. घरात बायको सेगुलाबाई आणि लेक मिल्का.

एकदा काय झालं, वादळात एक गलबत फुटलं आणि एक म्हातारा रब्बी किनाऱ्याला लागला. देशोदेशी भटकणारा, गूढ मंत्र जाणणारा. अंगात ताप, दाढीत वाळू, आणि छातीशी गच्च बांधलेलं एक पुस्तक. हिब्रूतलं, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. तसं दुसरं जगात नव्हतं बरं का. हसाजीनं त्याला घरी आणून निजवलं.

सेगुलाबाईनं पुस्तक पाहिलं. खाऱ्या पाण्यानं पानं कुजलेली, शिवण उसवलेली. आता आपल्यात रीत काय? देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं तर जाळायचं नाही, फेकायचं नाही. माणसासारखं कबरस्तानात पुरायचं. भली बाई ती. तिनं ते पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि पुरून आली. रब्बीला विचारायचं मात्र राहिलं. भलेपणाची घाई, दुसरं काय!

मग रब्बीचा ताप उतरला. त्यानं छाती चाचपली.

"बाई, माझं पुस्तक?"

"जीर्ण झालं होतं, रब्बीबाबा. रीतीनं मातीत ठेवलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, ते मेलं नव्हतं! त्यात मी एकाला कोंडलंय. त्याला स्वतःचं नाव नाही, म्हणून तो दुसऱ्यांची नावं खातो. पानापानावर देवाची नावं लिहून मी त्याला अडवलंय. शेवटचं पान अजून कोरं आहे. मी छातीशी धरलं होतं, तोवर तो गप्प होता."

बोलणं संपतंय तोच कबरस्तानाकडून हाक आली, "मोत्याऽऽ!" मोत्या म्हणजे घाण्याचा बैल. आवाज अगदी हसाजीचा, पण हसाजी तर घरात उभा! बैलानं हंबरून ओ दिली आणि जागीच थिजला. चुचकारलं, ओढलं, तरी धन्याला ओळखेना.

मग हाक आली शेजारच्या रहमीमकाकांना. आवाज त्यांच्या मेलेल्या बायकोचा. काका रडत रडत "ओ" म्हणाले, आणि आपल्याच उंबऱ्यात उभं राहून विचारायला लागले, "हे कोणाचं घर?" मला अजून सांगताना काटा येतो.

सेगुलाबाई मिल्काकडे धावली. पोरीच्या तोंडावर हात ठेवणार, तेवढ्यात हाक आली, "मिल्काऽऽ!" आईच्याच आवाजात. पोर म्हणाली, "ओ, आई." झालं! मग तिनं वर पाहिलं आणि आईलाच विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

सेगुलाबाईनं ऊर बडवून घेतला. "रब्बीबाबा, चूक माझी. मला न्या, पण माझी लेक परत द्या!"

त्यात शुक्रवार. सूर्य खाडीला टेकलेला. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, शनिवारचा विसावा, आणि मग आपल्यात लिहीत नाहीत. रब्बीनं दिव्याची काजळी बोटाला घेतली आणि हसाजीबरोबर पळत सुटला. दोघांनी हातांनी माती उकरली. माती गरम होती, बाळांनो, आणि आतून काहीतरी चावत असल्याचा आवाज येत होता. रब्बीनं शेवटचं पान उघडलं.

"कोणाचं नाव लिहिणार?" हसाजीनं विचारलं.

"ज्या माणसाचं लिहीन, त्याचं नाव कायमचं पुस्तकात जाईल, म्हणून एकच उरलंय. माझं. एवढी वर्षं तेवढं राखून ठेवलं. भीती वाटायची रे मला. आजही वाटते."

तरी त्यानं नाव लिहिलं. पुस्तक असं मिटलं की पुन्हा कुणाला उघडता आलं नाही. आणि सूर्य बुडाला.

घरी मिल्का "आई!" म्हणून सेगुलाबाईला बिलगली. काका आपल्या घरात गेले. बैल हंबरला. रब्बी मात्र दारातच उभा राहिला, हरवल्यासारखा.

"मी कोण?" त्यानं विचारलं.

कुणालाच सांगता येईना. त्याचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. सेगुलाबाई तर मान खाली घालून रडायला लागली. मग मिल्कानं त्याचं बोट धरलं.

"तुम्ही माझे आजोबा. चला, जेवण निवतंय."

तो आत गेला, पोटभर जेवला, आणि तिथेच राहिला. सगळे सुखानं नांदले.

झोपा आता. आणि हे बघा, अंधारातून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका. मीच असेन तर परत हाक मारीन.