कोपरावरचा थेंब

राज्यारोहण तीन दिवसांवर आलं होतं. अत्तरवाल्याने आणलेलं दालचिनीचं तेल सरकारांना लगेच चेहऱ्याला चोळून हवं होतं. मालिशवाला सटवाजी मात्र अडून बसला. "आधी कोपराच्या खळगीत एक थेंब लावू, सरकार. उद्यापर्यंत पुरळ उठतं का बघू."

"आमच्यावर प्रयोग?" सरकार कडाडले. "दारावरच्या त्या पहारेकऱ्याला लाव."

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याचा हात स्वच्छ होता. सरकारांनी तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. "आता बोल."

सटवाजी मान खाली घालून म्हणाला, "सरकार, राज्यारोहणाचा अंगरखा शिवताना शिंप्याने माप पहारेकऱ्याचं घेतलं होतं का?"

सरकारांनी अस्तनी वर सारली.

राज्यारोहणाला सरकारांचा चेहरा तेलाविनाच लखलखीत होता. फक्त भर दरबारात ते सारखे कोपर खाजवत होते आणि सटवाजीची नजर चुकवत होते.