चांदीच्या गळ्यातली घंटा

फार पूर्वी येसू धनगराच्या कळपात चांदी नावाची शेळी होती. येसूने गळ्यात घंटा बांधली, की ही बया बोरीच्या काट्यांत मान घासून ती तोडूनच टाकायची.

चार महिने एकाच जागी काढून कळपाचा तळ नव्या माळावर हलला. तिथं पोचताच राखणीचा म्हातारा कुत्रा भुंग्या पाण्याच्या घमेल्यावर धडकला. मेंढ्या हसल्या, "म्हातारा माजलाय! समोरचंही बघत नाही."

चांदीला हसू आलं नाही. जुन्या तळावर हाच भुंग्या कसा सरळ चालायचा! तिथला दगड न् दगड त्याला पाठ होता. ती गुपचूप त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. भुंग्या तिच्या आरपार बघत राहिला.

"आज्या, दिसत नाही व्हय तुला?"

भुंग्या दचकला. "कुणाला सांगू नकोस, पोरी. आंधळं कुत्रं धनी कशाला ठेवील?"

सकाळी येसू घंटा घेऊन आला, तेव्हा चांदीने आपणहून मान पुढे केली. दिवसभर ती भुंग्याच्या दोन पावलं पुढे वाजत राहिली.

सांजेला भुंग्या म्हणाला, "तुला तर घंटा आवडत नव्हती ना गं?"

"अजून नाही आवडत," चांदी म्हणाली. "डावीकडनं ये, इथं खड्डा आहे."