कुलपावरचं कुंकू

तळवडी संस्थानात पुस्तकांचं भलं मोठं कपाट होतं, पण दिवाणजी टोणगावकर ते कधी उघडत नसत. दसऱ्याला सरस्वतीपूजनसुद्धा बंद कपाटासमोरच व्हायचं आणि हळदकुंकू लागायचं ते कुलपाला. वा रे विद्येची पूजा!

एकदा मुलींच्या शाळेतल्या मथुताईंनी भर दरबारात पुस्तकं मागितली. दिवाणजी हसले. "इंग्रजी पुस्तकं आहेत, बाई. क्यू, एक्स आणि झेड असलेला सहा अक्षरी इंग्रजी शब्द सांगा, लगेच कपाट उघडतो."

"क्वाझेक्स," मथुताई म्हणाल्या.

"असा शब्दच नाही!"

"कशावरून?"

"शब्दकोशात नाही म्हणून!"

"दाखवा की मग. कुठे आहे शब्दकोश?"

दिवाणजींची नजर बंद कपाटाकडे गेली.

मथुताई राजेसाहेबांकडे वळल्या. "सरकार, माझा शब्द खरा असेल तर शर्तीप्रमाणे कपाट उघडायचं. आणि खोटा असेल, तर तो खोटा ठरवायलाही कपाट उघडावंच लागेल."

राजेसाहेब खदखदून हसले. "दिवाणजी, किल्ली बाईंच्या हातात द्या."

शब्दकोशात तो शब्द काही सापडला नाही. पण तो शोधायला मुली रोज येऊ लागल्या, आणि पुढच्या दसऱ्याला कुंकू पहिल्यांदाच पुस्तकांना लागलं.