सगळ्यांच्या आधी

“पण बातमी खरी होती ना, बाई?”

कुमुदबाई मैदानावर चुन्याची रेघ मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “खरी होती.”

शलाकाला जरा धीर आला. विट्याच्या याच मैदानावर बाईंनी तिला खो-खो शिकवला. संघाबरोबर ती देशभर हिंडली, गुडघा गेल्यावर सामन्यांवर लिहू लागली आणि बघता बघता टीव्हीवर खेळाच्या बातम्या सांगू लागली. गावात तिचं कोण कौतुक. डोक्यात थोडी हवाही गेली होती, खोटं कशाला बोला.

महिन्यापूर्वी संघाची गाडी घाटात उलटली. बाईंची लेक रेवती त्यात गेली. शलाका आणि ती एका ताटात जेवलेल्या. संघाच्या व्यवस्थापकांनी शलाकाला फोन केला आणि विनवलं, “बाईंकडे माणूस धाडलाय. तो पोचेपर्यंत थांब.”

ती थांबली नाही. सगळ्यांच्या आधी बातमी तिनं दिली.

“दुसऱ्या कुणीतरी दिलीच असती,” शलाका म्हणाली.

“दिली असती.”

“मग माझं चुकलं कुठं?”

“तुझा कार्यक्रम मी कधी चुकवला नाही,” बाई म्हणाल्या. “त्या संध्याकाळीही शेजारणींना बोलावून बसले होते...”

शलाकाला पुढं ऐकवेना.

“माफ करा, बाई.”

बाईंनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. “बस.”

“कुठं?”

“खेळात बसायचीस तशी. चौकात.”

शलाका उकिडवी बसली, हात जमिनीला टेकले. बाई मागं जाऊन उभ्या राहिल्या. पाठीवर बाईंचा हात पडावा, एवढ्यासाठीच तर ती इतक्या लांबून आली होती.

हात पडेना...

गुडघा ठणकू लागला. मागं बाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

अजून काही नाही...

रेवतीच्या आठवणीनं तिला भडभडून आलं. बाई माफ करणार नाहीत, असंच तिला वाटलं. तिला राहवेना. ती ताडकन उठली आणि रडत मागं वळली.

बाई तिच्या पाठीशी वाकल्या होत्या. पुढं केलेला त्यांचा हात तसाच हवेत राहिला होता. डोळे भरलेले होते.

बाईंनी हात हळूच मागं घेतला.

“मी अजून खो दिला नव्हता, शलाका.”